ग्रंथपालाची पदवी ‘बाहेरून’ केली म्हणून

शालेय ग्रंथपालाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: ‘बी.लिब. रेग्युलर केलंय की बाहेरून?’ मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन, असं उत्तर आलं की समोरच्यांचा सूर बदलतो. कागदपत्रं पाहिली जातात, पण उमेदवाराला कामाचं काही विचारलं जात नाही. या वागण्यामागे एक पक्का समज आहे आणि तो नुसता अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. ग्रंथालयशास्त्र शिकवणारी जाणती माणसंही तो बाळगून आहेत.

पूर्वपक्ष असा: ग्रंथपालन हे हाताचं काम आहे. पुस्तक हाताळावं, कपाटांमध्ये वावरावं, वाचकाचा अर्धवट प्रश्न ऐकून त्याला नेमकं काय हवंय ते ओळखावं. यातलं काहीच पडद्यासमोर बसून येत नाही. शाळेत तर समोर मुलं असतात, म्हणजे काम आणखी अवघड. तेव्हा घरी बसून मिळवलेली पदवी कागदावर पदवी असेल, पण तिच्यामागे ग्रंथपाल उभा नसतो.

कायद्याचा भाग आधी संपवू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020च्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला असे विषय आयोगाने या पद्धतीतून वगळले आहेत. ग्रंथालयशास्त्र त्या वगळलेल्यांत नाही. म्हणजे प्रत्यक्ष सरावाविना जे शिकवता येत नाही त्याचा विचार आयोगाने केला आणि तो करूनही हा विषय मोकळा ठेवला. पण पूर्वपक्षाचा खरा मुद्दा नियमाचा नाही, गुणवत्तेचा आहे. उत्तरही तिथेच द्यायला हवं.

हा पक्ष मांडणारे बहुतेक जण ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथनांचं नाव घेतात. तर त्यांचाच क्रम पाहू. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन 1924च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनी ग्रंथालयशास्त्राचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. काम त्यांना रुचेना, पुन्हा शिकवायला जावंसं वाटे. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे वर्गीकरण शिकवणारे बर्विक सेयर्स स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन वर्गात बसले, पण वर्गापुरते थांबले नाहीत. इंग्लंडमधली ग्रंथालयं त्यांनी हिंडून पाहिली आणि सुट्या तुकड्यांतून हवी ती रचना उभी करण्याची कल्पना त्यांना लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना सुचली. त्यातून पुढे 1933मध्ये द्विबिंदू वर्गीकरण आलं. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पंचसूत्रं त्याआधी, 1931ची.

रंगनाथन प्रत्यक्ष वर्गात बसले होते, हे मला नाकारायचं नाही. पण त्यांच्या शिक्षणाचा क्रम डोळ्यांआड करू नये: आधी पद, मग कामातून पडलेले प्रश्न, मग अभ्यास. मद्रासचं ग्रंथालय अंगावर पडलं होतं म्हणून लंडनमधल्या प्रत्येक कपाटाकडे त्यांनी गरजवंताच्या नजरेने पाहिलं. आज नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे किंवा इग्नूकडे ग्रंथालयशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्यांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. कोणी अर्धवेळ ग्रंथपाल, कोणी ग्रंथालय सहायक, कोणी मराठीच्या तासांबरोबर पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही गळ्यात पडलेली शिक्षिका. ही माणसं ग्रंथालयापासून दूर नाहीत, ती रोज ग्रंथालयात उभी आहेत. नियमित वर्गातला बाविशीचा विद्यार्थी हुशार असेल, पण पाचवीतल्या मुलाने पुस्तक फाडून आणलं तर काय करायचं, हा प्रश्न त्याच्यासमोर अजून आलेला नसतो.

आता हाताच्या कामाकडे येऊ. मारुती चितमपल्लींचं पक्ष्यांवरचं एखादं ललित पुस्तक शाळेत आलं. दाखल नोंदवहीत नोंद झाली, शिक्का बसला, दाखल क्रमांक पडला. इथपर्यंतचं काम कोणीही करील. पुढचा प्रश्न, पुस्तक ठेवायचं कुठे? ड्यूई दशांश पद्धतीत पक्ष्यांना 598 आहे, मराठी निबंध-ललित लेखनाला 891.464. लेखकाची शैली पाहिली तर ते साहित्यात जाईल. सातवीतली मुलगी प्रकल्पासाठी पक्ष्यांची माहिती शोधत आली, तर ती साहित्याच्या कपाटाकडे फिरकणारही नाही. एक जागा पक्की करायची आणि दुसरीकडून वाट राहील अशी तालिकेत जोड नोंद करायची, हा निर्णय ग्रंथपालाचा. तो घ्यायला विषयाचं विश्लेषण करता यावं लागतं, सारणीची रचना कळावी लागते, वाचक माहीत असावा लागतो. यातली पहिली दोन अंगं बुद्धीची आहेत. ती रात्री दिव्याखाली, छापील पुस्तिकेवरून किंवा ध्वनिचित्रफितीवरून शिकता येतात आणि उत्तम शिकता येतात, कारण न समजलेला भाग थांबवून पुन्हा ऐकता येतो. तिसरं अंग कुठल्याच वर्गात मिळत नाही. ते शाळेत मिळतं आणि नोकरी करता करता शिकणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळतं.

आणि नियमित वर्गातला सराव तरी कसा असतो? वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे शीर्षकांची यादी येते, तालिकीकरणाच्या परीक्षेत शीर्षकपृष्ठाचा मजकूर छापलेला कागद. पुस्तक तिथेही नसतं. शिवाय ई-ग्रंथालय आणि कोहासारख्या संगणक प्रणाली आल्यापासून तालिकेचं काम मुळातच पडद्यावर गेलं आहे. जे काम पडद्यावर करायचं ते पडद्यावर शिकलं तर बिघडतं कुठे?

पूर्वपक्षातला एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष कामाला पर्याय नाही. अमेरिकेने हे आधीच ओळखलं. इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्र शाळेचा उगम 1893चा. अशा जुन्या शाळेने 1996मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम इंटरनेटवर नेला, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांना विद्यापीठात एकत्र बोलावण्याची पद्धत ठेवली. सॅन होझे स्टेट विद्यापीठाने 2009पासून हे शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन केलं. तिथे शालेय ग्रंथपाल व्हायचं तर राज्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी विद्यार्थी राहत्या गावाजवळच्या शाळेत, परवानाधारक ग्रंथपालाच्या हाताखाली ठरलेला काळ काम करतो. व्याख्यान दूरचं, हाताचं काम जवळचं, अशी ही विभागणी आहे.

आपल्याकडे उणीव आहे ती इथे. संपर्कसत्रांना दांडी मारली जाते, स्वाध्याय तयार विकत मिळतात, अभ्यासकेंद्रावरचं प्रात्यक्षिक सहीपुरतं उरतं. हे मला सलतं, कारण यात प्रामाणिक विद्यार्थ्याचीही पत जाते. पण हा दोष देखरेखीचा आहे. हजेरीपटावर सह्या करून वर्गाबाहेर राहणारे विद्यार्थी नियमित महाविद्यालयांतही आहेत, म्हणून कोणी नियमित पदवीच रद्दबातल धरत नाही. बालसाहित्य आणि शालेय ग्रंथालय यांना बी.लिब.च्या अभ्यासक्रमात जी तोकडी जागा मिळते, ती तर दोन्ही पद्धतींचं सामाईक अपयश आहे.

अंतराचाही विचार करावा. विद्यापीठांचे ग्रंथालयशास्त्र विभाग मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत. मोखाड्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या बाईंनी नोकरी आणि लेकरं सोडून वर्षभर तिथे राहावं, ही अपेक्षा धरायची तर त्या शाळांना शिकलेला ग्रंथपाल मिळणारच नाही. आधीच 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं लिहिलं आहे, ग्रंथपालाचं पद मात्र त्यात नाही. पुस्तकं येतात आणि कपाटाला कुलूप लागतं. ते उघडायला जो स्वतःच्या पैशाने, नोकरी सांभाळून शिकतो, त्याची पदवी ‘बाहेरची’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

मागणी करायचीच तर मुक्त आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे करावी. विद्यार्थ्याच्या तालुक्यातलंच एखादं चांगलं शालेय किंवा सार्वजनिक ग्रंथालय नेमून द्यावं, तिथल्या अनुभवी ग्रंथपालाला मार्गदर्शक करून मानधन द्यावं, केलेल्या कामाची नोंदवही तपासल्याशिवाय पदवी देऊ नये. नियमित अभ्यासक्रमालाही हीच अट लावावी. आणि संस्थाचालकांनी मुलाखतीत टेबलावर शाळेतलीच वीसेक पुस्तकं ठेवावीत, शेजारी ड्यूईची सारणी, आणि आठवीतला एक विद्यार्थी समोर बसवावा. उमेदवाराने पुस्तकं लावून दाखवावीत आणि त्या मुलाला त्यातलं एक वाचावंसं वाटेल असं बोलून दाखवावं. पदवी कुठून घेतली हे त्यानंतर विचारायला हरकत नाही.