झाडीतले गंधर्व

भाऊबीज झाली, ओवाळणीची तबके उचलली गेली, की महाराष्ट्रातल्या बाकीच्या घरांतून दिवाळी संपते. फराळाचे डबे तळ गाठू लागतात आणि मुलांना शाळेची आठवण करून द्यावी लागते. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत, शेजारच्या भंडारा-गोंदियातही, खरी दिवाळी त्यानंतरच सुरू होते. गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, साळे-मेहुणे, दूरदूरचे सोयरे त्या दिवशी आवर्जून येतात. दिवसा बाजार आणि पाहुणचार, आणि रात्री नाटक. हे नाटक दहाच्या सुमारास उभे राहते ते कोंबडा आरवेपर्यंत चालते. आज ह्या गावी, उद्या त्या गावी, असे होळीपर्यंत.

ह्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. नाव अगदी सरळ आहे. जिथे झाडी आहे ती झाडीपट्टी. साग, मोह, तेंदू, बांबू यांचे रान, मधूनमधून तलाव आणि बोड्या, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे धान. बोलीही तिची स्वतःची, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ह्या झाडीबोलीच्या आणि तिच्यातल्या लोककलांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. चंद्रपूर हे तेव्हाचे चांदा. त्याच जिल्ह्याचे तुकडे होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पण नाटकाने ही सरकारी रेघ कधी मानली नाही. मंडळी एकीकडची, गाव दुसरीकडचे, आणि प्रेक्षक तर नदी ओलांडून येणारे.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, की जंगलात नाटक गेले असेल ते शहरातूनच. ते अर्धेच खरे आहे. पडदा, प्रवेश, अंक, नाट्यपदे ही घडण पश्चिमेकडून आली हे उघडच दिसते. पण तिच्या खाली जी माती होती ती इथलीच. दंडार होती, खडी गंमत होती. खडी गंमत म्हणजे उभ्याने करायचा तमाशाच म्हणा ना. शाहीर, ढोलकी, सोंगाड्या, आणि लुगडे नेसून पायात चाळ बांधलेला नाच्या पोर. दंडारीतही बाईचे पात्र पुरुषच घेई. दिवसा नांगर धरणारा हात रात्री बांगड्या भरी, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नसे. ह्या पोराचे गाव त्याला कोणत्या नजरेने पाहत असेल? रात्री त्याच्यावर शिट्ट्या आणि पैसे उधळायचे आणि दिवसा त्याची टवाळी करायची, हा व्यवहार आपल्या समाजात पूर्वापार चालत आला आहे. कीर्तीची ही एक बाजू नीट ध्यानात ठेवावी.

तिची दुसरी बाजू पाहायची तर नारायण श्रीपाद राजहंस यांच्याकडे वळले पाहिजे. बालगंधर्व! 26 जून 1888 चा जन्म, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, 1913 साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. त्यांच्या गाण्याविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन अशी साथ ज्याने रंगमंचासमोर बसवली, त्याला संगीताची पारख किती होती हे वेगळे सांगायला नको. सांगायचे ते पोशाखाचे. बालगंधर्व पदर कसा घेतात, गजरा कुठे माळतात, नथ कशी पेलतात, हे पाहायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि घरी येऊन आरशासमोर तसेच करून पाहत. पुरुषाने बाईला बाईपणाची शोभा शिकवावी, ही गोष्ट आज ऐकताना हसू येईल. पण खऱ्या बायकांना ज्या काळी रंगमंचावर पाय ठेवण्याची सोय नव्हती, त्या काळी सौंदर्याचा वस्तुपाठ द्यायला दुसरे होते तरी कोण?

आणि ह्या शोभेची किंमत? भरजरी शालू, उंची अत्तरे, खरे दागिने यांच्या पायी मंडळी कर्जात रुतली. 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली, तरी ते रंगून उभे राहिले. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना प्रत्येक वेळी कसेसेच होते. कीर्ती माणसाकडून एवढे मागते, आणि आपण प्रेक्षक ते मागणे वाजवी समजतो! पुढे बोलपट आला. 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली, पण पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही. 1964 साली पद्मभूषण मिळाले. 15 जुलै 1967 रोजी ते गेले, तेव्हा वैभव कधीच ओसरले होते.

आज आपल्या घरातल्या नाती कोरियाच्या गायक मुलांची चित्रे भिंतीवर लावतात, त्यांच्यासारखे केस कापून घेतात, आणि आजीला हे वेड अगदी नवे वाटते. आजीच्या आजीने बालगंधर्वांसारखा पदर घेऊन पाहिला होता, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. गंमत अशी, की त्या कोरियातही हा खेळ जुनाच आहे. तिथे नामसादांग नावाच्या फिरत्या पुरुषांच्या मंडळ्या होत्या. गावोगाव जाऊन ढोल, कसरती, मुखवट्यांची सोंगे दाखवीत. त्यांतली कोवळी पोरे मुलींच्या वेषात असत. आणि 1948 नंतर तिथे उलटा प्रकार निघाला. केवळ स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत राजपुत्र आणि सेनापतीही बायकाच होत, आणि त्या पुरुषवेषधारी नटींवर जीव टाकणाऱ्याही बायकाच. 1950 नंतरची काही वर्षे ह्या मंडळ्यांची चलती होती. मग सिनेमाने त्यांना गिळले.

झाडीपट्टीचे नाटक मात्र सिनेमाने गिळले नाही. टेलिव्हिजननेही नाही. याचे कारण काय? मला वाटते, ते धानात आहे. कापणी आणि चुरणी उरकली, की शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि पुष्कळ रिकामा वेळ येतो. नाटक हे त्या रिकाम्या वेळाचे पीक. उघड्या रानात, बरेचदा कापणी झालेल्या बांधीतच, रंगमंच उभा करतात. पुढची जमीन खणून उतरती करतात, म्हणजे मागच्यालाही दिसावे. भोवती कनात, डोक्यावर आभाळ, अंगावर पांघरूण. शहरात थिएटर बांधायला वर्षे लागतात. इथे ते दोन दिवसांत उभे राहते आणि एका रात्रीनंतर पुन्हा शेत होते.

ह्या सगळ्या उलाढालीचे केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. वैनगंगेकाठचे हे रेल्वेचे गाव हंगामात नाटकाची पेठ होते. कितीतरी मंडळ्यांच्या पाट्या तिथे लागलेल्या असतात. गावोगावचे लोक येतात, नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, विसार देतात. नाटके घरगुती जिव्हाळ्याची. सासू-सून, भाऊबंदकी, हुंडा, दारू, विधवेचे दुःख, शेतकऱ्याचे कर्ज. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारखे इथलेच लेखक ती लिहितात, बसवतात. त्यात गाणी हवीत, लावणी हवी, विनोद हवा, आणि डोळ्यांत पाणीही हवे. चार-पाच तास थंडीत बसलेल्या माणसाला यांपैकी एकही गोष्ट कमी पडली, तर तो तसे तोंडावर सांगतो. नागर टीकाकार ह्याला भडक म्हणतात. म्हणोत! तोलूनमापून केलेला अभिनय पहाटे तीन वाजता शेवटच्या रांगेत पोचत नाही.

लुगडे नेसणारा पोर हळूहळू मागे पडला आणि खऱ्या नटी आल्या. पश्चिमेकडे 1929 साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली आणि 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, तेव्हा केवढी चर्चा झाली! झाडीत अशी चर्चा कोणी लिहून ठेवली नाही. नटीने मात्र रात्रभर उभे राहायचे, पहाटे मोटारीत बसून पुढचे गाव गाठायचे, दुपारी झोपायचे, आणि रात्री पुन्हा तोच शालू नेसायचा. तो शालू, ती केशरचना गावच्या मुली दुसऱ्या दिवशी नदीवर धुणे धुताना एकमेकींना वर्णन करून सांगतात. पण त्या नटीला भाड्याने खोली द्यायची वेळ आली, की गाव विचारात पडते. नाच्या पोराला जो न्याय, तोच तिला.

तरीही ह्याच मातीने सन्मानाची माणसे घडवली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी आठशेच्या वर निरनिराळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग केले. विनोदी भूमिकांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. लोक कौतुकाने त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बालगंधर्व ज्या सन्मानाला पोचले, त्याच्या पायरीवर झाडीतला नट कनातीच्या रंगमंचावरून पोचला. दिल्लीचा रस्ता त्याला मुंबईवरून जावा लागला नाही, ह्याचा मला विशेष आनंद वाटतो.

मुंबई आता स्वतःच इकडे येते आहे. मालिकांतली, चित्रपटांतली ओळखीची नावे हंगामापुरती बोलावली जातात, आणि जाहिरातीवर त्यांचे नाव मोठे, झाडीच्या नटाचे बारीक. गर्दी वाढते, हे खरे. पण रात्री दोननंतर प्रयोग सावरून धरणारा कोण असतो, हे पेटीवाल्याला विचारा. मध्यंतरी संकटेही आली. 2014 साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचा आधार गेला. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा पट पुन्हा निर्धास्तपणे भरू लागले. 2020 चा हंगाम तर साथीने सबंध बुडवला. मंडप नाही, विसार नाही, नट आपापल्या घरी.

त्या वर्षी ही माणसे काय करीत होती? काहींनी मजुरी केली, काही शेतात राबली. जमीन असणाऱ्या नटाला होळीनंतर दरवर्षी तेच करायचे असते. नाव गाजते ते चार महिने, उरलेले आठ महिने तो चिखलणी, रोवणी आणि निंदणी करतो. बालगंधर्वांना मुखवटा उतरवून परत जायला शेत नव्हते. झाडीतल्या नटाला ते आहे, निदान ज्याला आहे त्याला आहे. ज्याला नाही, तो भाऊबीज उलटण्याची वाट पाहत वडशाच्या एखाद्या मंडळीच्या दारात बसून असतो, आणि आत मालक एखाद्या गावच्या पाहुण्यांना विचारत असतो, ‘मंडई कोणत्या वारी धरली?’