रानपिंगळा आणि लांब पल्ल्याचें भिंग

पक्षी ओळखावयाचा तर तो आधीं मारून हातांत घ्यावा, अशी एके काळीं विद्वानांचीही रीत होती. रानपिंगळा शास्त्रास ठाऊक झाला तो असाच. इ. स. १८७२ मध्यें ब्लूइट यांनीं पहिला नमुना मिळविला. पुढच्या वर्षीं ह्यूम यांनीं त्यास नांव दिलें. खानदेशांत जेम्स डेव्हिडसन यांनीं १८८४ पर्यंत आणखी नमुने जमविले. नंतर शतक लोटलें, तरी पक्ष्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता. मध्यंतरीं १९१४ सालचा म्हणून एक नमुना पुढें आला. तो डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांतून चोरलेला ठरला! अखेर नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती यांस तो जिवंत आढळला. या वेळीं बंदुकीची गरज पडली नाहीं. छायाचित्रें हाच पुरावा झाला.

हें ज्या भिंगामुळें साधतें, त्याचा जन्म १८९१ चा. लंडनचे डॉलमायर आणि जर्मनींतील श्टाइनहाइल व मीटे यांनीं तें स्वतंत्रपणें सिद्ध केलें. पुढें बहिर्गोल व मागें अंतर्गोल भिंगें बसविल्यानें लांब पल्ला आंखूड नळींत मावतो.

हौशी मनुष्यास अडवितो तो पल्ला नव्हे, तर तोंडाचा व्यास. ३०० मिलिमीटरच्या भिंगास एफ २.८ साठीं सुमारें १०७ मिलिमीटर रुंद तोंड लागतें, एफ ५.६ साठीं अवघें ५४. कांच वाढली कीं किंमत वाढली. म्हणून अरुंद तोंडाचें, जुनें भिंग घ्यावें आणि तिवईवर ठेवावें. घेतांना बॅटरीच्या उजेडांत आंत बुरशी नाहींना, हें पाहावें. आमच्या खोडाळ्याच्या पावसाळ्यांत ती फार लौकर धरते. वीतभर पिंगळा वीस मीटरांवर असतां ३०० चें भिंग त्याची साडेतीन मिलिमीटरचीच प्रतिमा देतें. उरलेलें काम धीरानें करावें. घरट्याजवळ जाऊन मात्र कदापि नव्हे.

२०१४ सालीं तानसा अभयारण्यांत रानपिंगळा आढळल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून आमच्या रानाविषयींही आशा वाटते. मागें एका जुन्या विद्यार्थ्यानें मोठ्या आनंदानें चित्र आणलें. मोठें करून पाहिलें, तों माथाभर ठिपके! रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. हा साधा पिंगळा होता. पोर हिरमुसलें. मीं म्हटलें, "बाळ, तुझ्या स्वस्त भिंगानें खरें तेंच सांगितलें. चोरलेल्या नमुन्यानें मोठमोठ्यांना फसविलें होतें." तो पुन्हां रानांत जातो आहे.