आग्रा रस्त्यावरचं जुनं इंजिन

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. पण विसाव्या शतकात या मुलखाची ओळख ट्रकनेही घडवली. आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून येतो आणि धार जिल्ह्यात खलघाटला नर्मदा ओलांडतो. १९५४पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक देशात बनू लागले. १९८६मध्ये धार जिल्ह्यातल्याच पीथमपूरला आयशरचे ट्रक निघाले. हा इतिहास जुन्या इंजिनांतच वाचता येतो, कारण यांत्रिक पंपाचं इंजिन उघडून तपासता येतं. मात्र पडून राहिलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नये: नोझल काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावं, क्रँक हाताने फिरवावा, डिझेल बदलून हवा काढावी. ते धूर ओकतं, हा आक्षेप खराच. म्हणून ते मालवाहतुकीला नको; पण पीथमपूरच्या उद्योगांनी असं एक इंजिन चालतं जपावं.