वस्तीवरील परसबागेतील कीडनियंत्रण

वस्तीवरील परसबागेतील कीडनियंत्रण म्हणजे शेतातील राहत्या घरालगत, गोठा व खुराड्याच्या सान्निध्यात लावलेल्या भाजीपाल्याचे आणि फळझाडांचे किडींपासून संरक्षण करण्याची पद्धत होय. अशा ठिकाणी फवारलेले औषध, कुंपणाला लावलेले झुडूप किंवा उपटलेले तण अखेरीस जनावरांच्या तोंडी जाण्याचा संभव असतो. त्यामुळे मोठ्या शेतासाठीच्या शिफारशी येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

मंद्रूप परिसर

मंद्रूप हे सोलापूर जिल्ह्यातील दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव सोलापूर–विजयपूर महामार्गावर आहे. हा प्रदेश अवर्षणप्रवण असून रब्बी ज्वारी हे येथील पारंपरिक पीक होय. उस्मानाबादी शेळी, पंढरपुरी म्हैस व खिलार बैल हे या भागातील प्रमुख पशुधन आहे. पाणी बेताचे असल्याने वांगी, मिरची, दोडका, शेवगा अशी मोजकी लागवड सांडपाण्यावरही जगवली जाते.

पद्धती

टोमॅटोच्या कडेने लावलेल्या झेंडूवर घाटेअळीचा पतंग अंडी घालतो व मुख्य पीक काही अंशी वाचते. झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमींनाही आळा बसतो. चवळीवर मावा येतो आणि त्यामागोमाग माव्यावर जगणारे ढालकिडे येतात. रस शोषणाऱ्या किडींवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयुक्त ठरतो. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून गाळतात आणि थोडा साबण मिसळून एकूण १० लिटर द्रावण करतात. फवारणी सायंकाळी करणे इष्ट, कारण उन्हात त्यातील ॲझाडिरॅक्टिनचा प्रभाव लवकर ओसरतो.

शेणखत हे वस्तीचे वैभव खरे. परंतु कच्चे शेण बागेत टाकल्यास हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करणे हा बिनखर्ची आणि परिणामकारक उपाय आहे. मात्र तो एका वस्तीपुरता न राहता सभोवतालच्या सर्व वस्त्यांनी एकाच वेळी करावा लागतो.

कोंबड्या माती उकरून हुमणीच्या अळ्या आणि फळमाशीचे कोष वेचतात; त्याच नखांनी कोवळी रोपेही उपटतात. म्हणून पीक निघाल्यानंतर व नव्या लागवडीपूर्वी त्यांना वाफ्यात सोडणे योग्य. दोडका-कारल्याची किडलेली फळे वेलाखाली पडू न देता खोल पुरावीत.

जनावरांना असलेले धोके

दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ यांच्याबरोबर कण्हेर, एरंड, रुई आणि घाणेरी यांचाही पाला वापरतात. कण्हेरीचा थोडासा पालाही शेळीच्या हृदयक्रियेवर आघात करून प्राण घेऊ शकतो. घाणेरीने यकृत बिघडते व उन्हात कातडी सोलवटते. अर्काची कृती सांगताना ही बाब बहुधा वगळली जाते. पिंपाला घट्ट झाकण असावे, गाळलेला चोथा उकिरड्यावर न टाकता पुरावा आणि कण्हेरीचे कुंपण गोठ्यालगत करू नये. ‘सेंद्रिय’ म्हणजे निर्धोक, हा समज येथे महागात पडतो.

रासायनिक औषधांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास भारतात २००५ पासून बंदी आहे. फोरेटवरील बंदी २०२० अखेर अमलात आली. फोरेट दाणेदार असल्याने पक्षी ते धान्य समजून टिपतात. परवानगी असलेले औषध फवारल्यासही वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाल संपेपर्यंत त्या वाफ्यातील तण अथवा पाला जनावरांना घालू नये. उंदरांसाठीच्या झिंक फॉस्फाईडच्या आमिषालाही हीच खबरदारी लागू आहे. विषाने मेलेले उंदीर कुत्र्या-मांजरांच्या हाती लागण्यापूर्वी पुरावे लागतात.

परसबागेच्या कडेला आडोसा म्हणून ज्वारी पेरल्यास आणखी एक धोका संभवतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य साठते. ती खाल्लेले जनावर काही मिनिटांतही दगावू शकते. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन हा उपचार उपलब्ध असला, तरी पशुवैद्यक वस्तीवर पोहोचेपर्यंत वेळ हातची गेलेली असते; म्हणून पीक फुलोऱ्यात येईपर्यंत शेळ्या दावणीलाच ठेवतात.