वितळलेलं मीठ आणि पाण्याशी भांडण

परवा माझे आठवडाभराचे सगळे आकडे बाद झाले. आयनिक लिक्विडचा नमुना व्हॅक्यूममध्ये दोन दिवस सुकवला होता, पण बाटलीचं झाकण मीच नीट लावलं नाही. आयनिक लिक्विड म्हणजे खोलीच्या तापमानालाही द्रव राहणारं मीठ, आणि ते हवेतली वाफ गुपचूप पीत बसतं. मला मोजायचा होता कार्बन डायऑक्साइड! चिडचिड झाली, पण या विषयाचा इतिहासही पाण्याशी भांडणाचाच आहे.

१९१४ साली पॉल वाल्डेन यांनी इथिलअमोनियम नायट्रेटबद्दल लिहिलं. ते साधारण १२ अंश सेल्सिअसला वितळतं. पाण्यात न विरघळवता, भट्टीही न पेटवता मिठाची विद्युतवाहकता मोजायची, हा त्यांचा हेतू. म्हणजे पहिल्या पानापासूनच पाणी बाहेर! पुढे कित्येक वर्षं फारसं कुणी तिकडे वळलं नाही. मग अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रव वापरले. ते दमट हवा लागताच बिघडायचे, हायड्रोजन क्लोराइड सोडायचे.

१९९२ मध्ये विल्क्स आणि झावरोत्को यांनी हवेत व पाण्यात टिकणारे द्रव जाहीर केले. ‘टिकणारे’ म्हणजे न बिघडणारे; पाणी न शोषणारे नव्हे. मी स्वतः पहिलं वर्षभर हा घोळ केलाय.

१९९९ ला ‘नेचर’मध्ये ब्रेनेके, बेकमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेक्साफ्लोरोफॉस्फेटच्या एका द्रवात दाबाखाली भरपूर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तरी द्रव फारसा फुगत नाही. वायूचे रेणू आयनांमधल्या फटींत मावतात. उलट, द्रव मात्र त्या वायूत जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे द्रवात विरघळलेलं नॅप्थलीन त्यांना या वायूनेच स्वच्छ बाहेर काढता आलं. मग साहजिकच धुरातला कार्बन पकडायची स्वप्नं पडू लागली.

पण हा लाडका द्रव पाण्यात मिसळत नसला तरी थोडं पाणी शोषतोच. २००३ मध्ये रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दाखवलं की पाण्यामुळे त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकतो. काच खाणारा, विषारी. ‘हरित’ म्हणून मिरवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

आणि चिमणीच्या धुरात वाफ असतेच की. म्हणून आता एक नमुना कोरडा आणि एक मुद्दाम ओला, अशी जोडीनेच मोजणी लावली आहे. झाकणं यावेळी दोनदा तपासली.