शहाजी आणि शरीफजी : दोन नांवांची हकीकत

मूल जन्माला आलें कीं बारशाच्या दिवशीं पाळण्यापाशीं एक लहानसा वाद बहुधा उभा राहतो. एका पक्षाला सर्वांच्या तोंडीं रुळलेलें नांव हवें असतें. दुसऱ्याला त्याच्याच जवळपासचें, परंतु क्वचित् कानीं पडणारें नांव आवडतें. एक म्हणतो, नेहमींच्या नांवाला हाक मारली तर आळींतलीं चार मुलें वळून पाहतील. दुसरा म्हणतो, अपरिचित नांवाचा उच्चार लोक बिघडवून टाकतील. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. भोसले घराण्याच्या इतिहासांत अशीं दोन नांवें शेजारीं शेजारीं नांदलीं. त्यांची पुढें काय गति झाली हें पाहिलें म्हणजे या घरगुती वादांत खरें काय पणाला लागलेलें असतें, तें ध्यानांत येतें.

वेरूळचे मालोजी भोसले हे निजामशाहीच्या पदरचे सरदार. पुष्कळ दिवस संतान होईना, तेव्हां अहमदनगर येथील शाह शरीफ या पिराला नवस करण्यांत आला, आणि पुढें दोन मुलगे झाले. त्या सत्पुरुषाच्या नांवाचे जणूं दोन वांटे करून थोरल्याला शहाजी आणि धाकट्याला शरीफजी अशीं नांवें ठेवलीं. शिवाजी महाराजांच्या आश्रयास असलेल्या परमानंद कवीनें आपल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत ही हकीकत नमूद केली आहे. ती झांकून ठेवावी असें त्याला वाटलें नाहीं. ज्या नगरांत हा नवस झाला, त्याचेंही नांव २०२४ सालीं पालटून अहिल्यानगर झालें.

एका नवसाचीं हीं दोन मुलें. पण दैव दोघांचें निराळें. शहाजीराजांना दीर्घ आयुष्य लाभलें. निजामशाही, मोगल, आदिलशाही अशा तीन सत्तांची चाकरी करून इ. स. १६६४ मध्यें ते कर्नाटकांत निवर्तले. त्यांच्या पुत्रानें राज्य स्थापिलें आणि पित्याचें नांव घरोघर गेलें. शरीफजी मात्र इ. स. १६२४ मध्यें भातवडीच्या रणांत पडले. मलिक अंबरानें मोगल आणि आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजांचा जेथें मोड केला, तें हें रणांगण. तें नगरापासून फार दूर नाहीं. ज्या पिराच्या कृपेनें नांव मिळालें, त्याच्याच परिसरांत त्या नांवाचा धनी कामास आला. इतिहासानें त्यांच्याविषयीं याहून फारसें लिहून ठेवलेलें नाहीं.

येथेंच तें नांव संपावयाचें. पण संपलें नाहीं. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांनीं तंजावरास राज्य स्थापिलें. त्यांनीं आपल्या एका मुलाला वडिलांचें नांव दिलें. तें साहजिकच होतें. दुसऱ्याला मात्र भातवडीस पडलेल्या चुलत्याचें नांव दिलें. हे शहाजी इ. स. १६८४ पासून १७१२ पर्यंत आणि त्यांच्यामागून त्यांचे बंधु १७२८ पर्यंत तंजावरच्या गादीवर होते. शरीफजीचें शरफोजी झालें, शरफोजीचें सर्फोजी झालें. उच्चार बिघडला खरा, परंतु आठवण टिकली.

इकडे महाराष्ट्रांत लोकप्रिय नांवांची निराळीच अडचण झाली. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५७ मध्यें जन्मलेल्या पुत्राला कनकगिरीस पडलेल्या आपल्या वडील बंधूंचें संभाजी हें नांव ठेवलें. संभाजी महाराजांच्या पुत्राचें जन्मनांव शिवाजी, राजाराम महाराजांना ताराबाईंपासून झालेल्या पुत्राचें नांव शिवाजी, आणि राजसबाईंच्या पुत्राचें संभाजी. इ. स. १७०७ मध्यें मोगलांच्या कैदेंतून सुटून आलेल्या राजपुत्राला शाहू या नांवानें ओळखूं लागले नसते, तर एकाच राज्यावर दोन शिवाजी हक्क सांगत होते असें लिहावें लागलें असतें. नांव जितकें मोठें, तितकी त्याला ‘थोरले’, ‘धाकटे’, ‘पहिले’, ‘दुसरे’ अशा शेपटांची गरज पडते.

सामान्य घरांतही हेंच घडत असे. नातवाला आजोबांचें नांव ठेवीत. पण सासऱ्याचें नांव सुनेनें उच्चारूं नये असा दंडक असल्यामुळें आईला आपल्या मुलाला नांवानें हाक मारतां येत नसे. मग नाना, बापू, दादा हीं नांवें पुढें येत आणि पाळण्यांतलें नांव पत्रिकेपुरतें उरे. पेशवे बाळाजी बाजीराव यांना आजोबांचें, म्हणजे बाळाजी विश्वनाथांचें नांव मिळालें होतें. जग त्यांना नानासाहेब म्हणूनच ओळखतें.

शरीफजींच्या नांवाचें भाग्य मात्र पुढें उघडलें. तंजावरच्या तुळजाराजांनीं इ. स. १७८७ मध्यें दत्तक घेतलेला मुलगा सर्फोजी या नांवानेंच १७९८ मध्यें गादीवर आला. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनीं वैभवास चढविलें, ते हेच विद्याव्यासंगी सर्फोजीराजे. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठींत कोरून घेतला तो त्यांनींच, इ. स. १८०३ मध्यें. इ. स. १८३२ मध्यें ते वारले, तेव्हां भातवडीच्या लढाईला दोनशें आठ वर्षें झालीं होतीं. एका तरुण शिपाईगड्याचें नांव इतक्या दूरच्या देशांत, इतक्या कालानंतर एका पंडित राजानें उजळलें.

तेव्हां पाळण्यापाशीं वाद पडला असतां नांव किती लोकांचें आहे, याचीच मोजदाद करून भागत नाहीं. लोकप्रिय नांव आपण ठेवलें नाहीं तरी जगतें. त्याला सांभाळणारे पुष्कळ असतात. विरळ नांवाला एकच घर असतें, आणि त्या घरानें तें टाकलें कीं त्या नांवाचें माणूस दुसऱ्यांदा मरतें. व्यंकोजींनीं एका पाळण्यावर वडिलांचें आणि दुसऱ्यावर चुलत्याचें नांव घेतलें. पहिल्यानें कुळाचा मान राखला गेला. दुसऱ्यानें कुळाचें ऋण फिटलें.