थडग्यातली चूल

उत्तर कोरियातील आनाक येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यातील भित्तिचित्रे मी केवळ छायाचित्रांतून पाहिली आहेत. कोगुर्यो काळातले हे थडगे १९४९ मध्ये उजेडात आले. भिंतीवरील शाईच्या लेखानुसार दोंग शौ हा सरदार ३५७ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी वारला. यान राज्यातून पळून तो कोगुर्योच्या आश्रयाला आला होता. तरी हे थडगे त्याचे की एखाद्या राजाचे, हा अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही.

माझी नजर मात्र बाजूच्या दालनातील स्वयंपाकघरावर खिळते. एक बाई मोठ्या भांड्यात अन्न वाफवते आहे, दुसरी चुलीत सरपण सारते आहे, तिसरी थाळ्या मांडते आहे. शेजारी आकड्यांना टांगलेले मांस. शिवाय गाडीखाना, तबेला, विहीर. अन्यत्र अडीचशेच्या वर माणसांची मिरवणूक. मालक मोठा, सेवक लहान. दर्जा आकारावरूनच कळतो.

परलोकातही धन्याला गरम जेवण मिळावे, म्हणून ही चूल रंगवली. त्या बायकांना धन्याच्या मरणानंतरही विसावा नव्हता. पण राजवंशांच्या इतिहासात ज्यांना जागा नाही, त्यांचे राबते हात त्यामुळेच आज आपल्याला दिसतात. थडग्याचा धनी ठरेल तेव्हा ठरो.